मागचा डावा आवाज

आमच्या गाडीच्या मागून, डावीकडून येणारा आवाज माझ्या बायकोमुळे येत नव्हता. हे मी वयाच्या बहात्तराव्या वर्षी, कुणाच्याही दबावाखाली न येता लिहून देतो आहे. (थोडा दबाव आहे, पण तो सध्या पुण्यात लेकीकडे असतो.)

नलू पहिल्यापासून मागे डावीकडेच बसायची. पुढची सीट माझ्या आईची. आई गेल्यावर मी म्हटलं, "आता पुढे ये." तर म्हणाली, "नको. पुढे बसलं की तुमचं ड्रायव्हिंग दिसतं."

मागून ती मला दोन गोष्टी पुरवायची. सूचना आणि आवळासुपारी. सिग्नल लागला की मी मान न वळवता डावा हात दोन सीटच्या मधून मागे न्यायचो. तळहातावर सुपारी पडायची. त्याबद्दल आम्ही कधी काही बोललो नाही. बोलण्यासारखं त्यात काही आहे, असं तेव्हा वाटलंच नव्हतं.

मग गाडी म्हातारी झाली आणि स्पीडब्रेकर आला की मागून 'कुईंऽऽ खट्!' असा आवाज यायला लागला.

चेंबूरला पुतण्याचा साखरपुडा होता. हॉलच्या गेटातच उंच स्पीडब्रेकर. कुईंऽऽ खट्! स्वागताला उभी असलेली सगळी मंडळी वळून बघायला लागली. अशा वेळी मला काही सुचलं नसतं तर किती बरं झालं असतं! पण सुचलं. काच खाली करून मी म्हणालो, "गाडीचा दोष नाही हो, मागे वजनदार व्यक्ती बसली आहे!"

सगळे हसले. नलूही हसली. इतक्या वर्षांच्या संसारानंतर मला त्या हसण्याचा अर्थ कळायला हवा होता. मी मात्र दुसऱ्यांदा श्रीखंड घेतलं.

परत निघताना बघतो, तर ही गेटाबाहेर रिक्षाला हात करतेय.

"अगं, गाडी आहे ना!"

"आहे ना. राहू दे हलकी."

आणि ती रिक्षाने मुलुंडला घरी आली. त्या दिवसापासून पुढची दोन वर्षं नलू आमच्या गाडीत बसली नाही. भांडण नाही, अबोला नाही. घरात चहा, पोळी, औषधं सगळं वेळेवर. फक्त बाहेर जायचं झालं की ती रिक्षात आणि मी मागून रिकामी गाडी घेऊन. एकदा रिक्षावाल्याने घाबरून तिला विचारलं, "मॅडम, वो सफेद गाडी कबसे पीछे लगी है. पुलिस को बोलूँ?"

नलू म्हणाली, "नको. ओळखीचे आहेत."

शेवटी मी ठरवलं, आवाज आपल्या हातांनी बंद करायचा. मागच्या चाकांचे दांडे गाडीला जिथे जोडलेले असतात तिथे जाड रबराचे बुश असतात. ते झिजले की लोखंड लोखंडावर आपटतं. गॅरेजमध्ये दिली असती तर दुपारपर्यंत काम झालं असतं. पण ते नलूला दिसलं नसतं! म्हणून रविवारी सकाळी गाडी बरोबर आमच्या गॅलरीखाली लावली, मोबाइलवर व्हिडिओ लावला, आणि जॅक चढवून, आधाराला ओंडके देऊन आडवा झालो.

तळमजल्यावरचे सावंत चहाचा कप घेऊन आले. "गाडीक ताप इलो काय?"

"बुश बदलतोय."

"तुमका येता?"

"व्हिडिओ आहे."

"मग मी हंयच थांबतंय," असं म्हणून ते खुर्ची घेऊन आले.

गंजलेला बोल्ट निघेना. तेल ओतलं, शिव्या घातल्या, शेवटी हातोडा घेतला. चौथ्या घावाला पहिल्या मजल्यावरून गालाबेन ओरडल्या, "भाई, रिडेव्हलपमेंट चालू झाला काय? आमाला नोटिस नाय आली!"

जुना बुश निघाला तो टाचेच्या भेगांसारखा तडकलेला. नवा आत जाईना, म्हणून साबणाचं पाणी लावलं. तो हातातून सटकला आणि थेट सावंतांच्या कपात! सावंतांनी शांतपणे बाहेर काढला. "साखर कमी हा," म्हणाले.

दोन्ही बाजूंचे बुश बसवून, नट जीव खाऊन आवळून मी विजयी मुद्रेने वर पाहिलं. नलू गॅलरीत टॉवेल वाळत घालत होती. एकच टॉवेल, सकाळपासून. इतक्यात व्हिडिओतला माणूस म्हणाला, गाडी चाकांवर उभी करून, मागे माणसांचं वजन देऊनच नट आवळा. अधांतरी आवळलेत तर नवं रबर पिरगळून फाटेल.

हे तो शेवटी सांगतो!

नट ढिले केले, गाडी खाली उतरवली. सावंत मागे उजवीकडे बसले. गालाबेन "आमी पण बसते ना" म्हणत मध्ये बसल्या. तरी गाडी डावीकडून उचललेलीच. सावंतांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल असे ओरडले, "वैनीऽऽ खाली येवा! वजन कमी पडता!"

मी डोळे मिटून घेतले. टॉवेलही हलायचा थांबला असावा.

थोड्या वेळाने जिन्यात चपला वाजल्या. दार उघडलं, लागलं, आणि गाडी डावीकडून अगदी हवी तितकी खाली बसली. मी चाकाशेजारी जमिनीवर, हातात पाना.

"पुरतंय का?" आतून आवाज आला.

"पुरतंय."

"मग बोला."

"आवाज... बुशचा होता."

"सावंतभाऊ, काही ऐकू आलं का हो?"

"माका तरी नाय," सावंत म्हणाले. (शेजारधर्म!)

"आवाज तुझा नव्हता! बुशचा होता!" मी ओरडलो. वरच्या मजल्यांवरून टाळ्या पडल्या.

नट आवळून झाल्यावर कुणी उतरेचना. गालाबेन म्हणाल्या, "एक राउंड तर मारा!" कोपऱ्यावरचा स्पीडब्रेकर आला. चौघांनी श्वास रोखला. गाडी लोण्यावरून गेल्यासारखी गेली. पुढे सिग्नल लागला आणि माझा हात आपोआप मागे गेला. दोन वर्षं तो तसाच रिकामा परत येत होता. त्या दिवशी तळहातावर आवळासुपारी पडली. (गालाबेनची नव्हती, मी आरशात बघून घेतलं.)

आता नलू नातीला सांभाळायला पुण्याला गेली, त्याला बरेच महिने झाले. गाडी अजून गप्प आहे. इतकी गप्प, की तो जुना आवाज आला तर मी त्याला चहा पाजीन. कांजूरमार्गच्या सिग्नलला हात मागे जातोच. मागे डावीकडे मी कांदे-बटाट्यांची पिशवी ठेवतो, पण पिशवी काही देत नाही आणि "लेन सोडू नका" असंही म्हणत नाही.

त्या रिकाम्या सीटकडे आरशात बघताना जे मनात टोचतं, ते असं, की त्या रविवारी मी अर्धंच बोललो होतो. उरलेलं अर्धं हे: साखरपुड्याच्या आदल्या आठवड्यातच मेकॅनिकने मला सांगितलं होतं, "काका, बुश गेलेत." हॉलच्या गेटात काच खाली करताना मला ते ठाऊक होतं. टाळ्या मात्र मी पूर्ण घेतल्या.

हे सगळं लिहून काल आधी नलूला पाठवलं. रात्री फोन आला.

"वाचलं," ती म्हणाली. मग म्हणाली, "शनिवारी येतेय मी."

"ये ना! स्टेशनवर गाडी घेऊन येतो."

"गाडी नको. मी रिक्षा करीन."

शनिवारी मी टाकी भरून स्टेशनबाहेर उभा असेन. रिक्षाच्या मागे किती अंतर ठेवायचं, ते मला अजून पाठ आहे.