इराच्या नाकातला जंतू वेगळा होता

"रक्तात जंतू सापडला आहे. न्यूमोकोकस," डॉक्टर म्हणाले, तेव्हा माझी बायको सुमन काचेपलीकडे आयसीयूत ऑक्सिजनवर होती. ती वाचेल का, हे मी विचारायला हवं होतं. मी विचारलं, "हा लहान मुलांपासून लागतो का?"

"लागू शकतो. मुलांच्या नाकात तो पुष्कळदा असतो, पण..." पुढचं मी ऐकलंच नाही. मला हवं ते मिळालं होतं.

त्या अर्ध्या वाक्यावर मी माझ्या सहा वर्षांच्या नातीला, इराला, गुन्हेगार ठरवलं. खरा दोष मी खिशात घालून फिरत होतो. तो आज लिहून टाकतो. तुमच्या घरी असा आजार आला, तर बोट दाखवण्याआधी हे आठवा.

मंगळवारी सुमनला थंडी वाजून ताप आला. श्वास घेताना उजव्या कुशीत कळ यायची. थुंकी विटकरी रंगाची. मी तापाच्या गोळ्या देत राहिलो. शुक्रवारी सकाळी ती मला म्हणाली, "अहो, लकडगंजात जायचं नाही का? डबा भरून ठेवला." लकडगंजातल्या लाकडाच्या कामातून मला निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती. सून मृणालनं हे ऐकलं आणि तडक गाडी काढली.

एक्स-रेमध्ये उजवं फुप्फुस खालून पांढरं दिसलं. हा न्यूमोनिया. मग ब्लड कल्चर केलं, म्हणजे रक्त पोषक द्रवात ठेवून त्यात काही वाढतं का ते पाहिलं. रविवारी उत्तर आलं. जंतू फुप्फुसातून रक्तात उतरला होता.

इराला आदल्या आठवड्यात सर्दी होती. तिची सवय अशी की कुठलाही खाऊ अर्धा स्वतः खायचा आणि उरलेला आजीच्या तोंडात घालायचा. मी घरी येऊन तिला म्हणालो, "तुझ्या उष्ट्यानंच आजी आजारी पडली." हेच मी नातेवाइकांना फोनवर सांगितलं, आमच्या बेसा वस्तीतल्या बागेत, बाकावरच्या मित्रांनाही सांगितलं.

इरा रडली नाही. कपाटातला जुना मास्क काढून तिनं तोंडाला लावला.

सुमन चार दिवस आयसीयूत होती. बाराव्या दिवशी घरी आली. इरा दारातच उभी.

"ये वं माय, जवळ ये."

"नको आजी. माझ्यात जंतू आहे."

सुमननं माझ्याकडे पाहिलं. "पोरीले काहून असं सांगितलं तुम्ही?" त्या दिवसापासून इरा जेवायलाही वेगळ्या खोलीत बसू लागली.

मृणालनं हे तपासूनच पाहायचं ठरवलं. ती एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. लग्नाच्या वेळी "दिवसभर जंतूंत हात घालणारी सून" म्हणून मी नाक मुरडलं होतं. तिच्या विभागात मुलांच्या नाकातल्या न्यूमोकोकसचा अभ्यास चालू होता. तिनं वरिष्ठांची रीतसर परवानगी घेतली. इराच्या नाकातला नमुना आणि सुमनच्या रक्तातला जंतू, दोन्ही तपासणीला गेले. तिनं स्वतः मात्र त्यांना हात लावला नाही. "घरचा नमुना आहे बाबा. मी केलं तर लोक म्हणतील, आईनं लेकीला सोडवलं." लोक म्हणजे मीच.

अहवाल आला तेव्हा डॉक्टरांनी मला समोर बसवलं.

"न्यूमोकोकस हे एक नाव आहे, पण त्याचे शंभराच्या आसपास प्रकार आहेत. प्रत्येकाभोवती साखरेसारख्या पदार्थाचं कवच असतं. ते कसं बनवायचं, हे त्याच्या जनुकांत असतं. त्या कवचावरून प्रकार ठरतो, त्याला सिरोटाइप म्हणतात. काही प्रकार नाकात महिनोन्महिने गुपचूप राहतात. काही रक्तात शिरायला पटाईत. तुमच्या नातीचा प्रकार एक, पत्नीचा दुसरा."

"म्हणजे इरामुळे नाही?"

"जंतू कुठून आला ते कोणी सांगू शकणार नाही. पण या मुलीला दोष द्यायला काहीही आधार नाही."

मी चाळीस वर्षं लकडगंजच्या आरा मशीनवर लाकूड पारखलं. साल पाहून सौदा करणाऱ्याला हसायचो. ओंडका कापल्याशिवाय मी कधी शब्द दिला नाही. आणि घरात नुसत्या सर्दीवरून निकाल दिला.

मग मी पाकिटातून घडी घातलेली चिठ्ठी काढली. आमचं वय झालं आणि सुमनला मधुमेहही आहे, म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना न्यूमोकोकसची लस लिहून दिली होती. वर्ष झालं होतं त्याला. मला सुईची भीती वाटते. मी घेतली नाही, म्हणून तिलाही नेलं नाही.

"ही घेतली असती तर?"

"हा प्रकार त्या लशीत आहे. खात्री देता येत नाही, पण शक्यता बरीच कमी झाली असती."

घरी येऊन सगळ्यांसमोर चिठ्ठी टेबलावर ठेवली. सुमननं ती वाचली, माझ्याकडे पाहिलं. "एवढाले ओंडके उचलले, अन् सुईले भेता? वरून पोरीले धाक दाखवता!" मृणालला हसू आलं. सहा आठवड्यांत ती माझ्यासमोर पहिल्यांदा हसली.

बागेतल्या बाकावर मी अहवाल वाचून दाखवला, चिठ्ठीही दाखवली. "माझ्या सुनेनं शोधलं हे," असं मी इतक्यांदा म्हणालो की एक मित्र वैतागला, "समजलं गा, तुझी सून हुशार आहे!" ज्यांना फोन केले होते त्यांना पुन्हा केले. आम्ही दोघांनीही लस घेतली. इरानं माझा हात धरला होता.

पण मास्क काही उतरत नव्हता. मृणालनं मग कागदावर दोन गोल काढून त्यांना वेगवेगळ्या रंगांची कवचं रंगवली आणि इराला समजावलं. आता ती शाळेतही सांगते, "माझा जंतू गरीब आहे. आजीचा वेगळा होता."

परवा सुमननं कोथिंबीर भरून सांबारवडी केली. इरा बऱ्याच दिवसांनी आमच्या खोलीत जेवायला बसली. मास्क खाली ओढून तिनं वडीचा तुकडा तोडला, उरलेली हातात धरली आणि माझ्याकडे पाहिलं.

"आजोबा, मला सर्दी नाहीये. देऊ?"

मी हो म्हणायच्या आत सुमननं तोंड उघडलं होतं.