मावशीच्या लॅपटॉपची घरघर

मावशीने उभी हयात एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंग केलं. निवृत्तीनंतरही साक्षीदारांच्या जबाबांचं रेकॉर्डिंग ऐकून ती घरबसल्या टाइप करून द्यायची. बहिणीच्या पश्चात तिच्या मुलाला हिनेच वाढवलं, म्हणून सगळ्या गल्लीची ती मावशी.

हेडफोन चढवला की शेजारी भांडण पेटलं तरी तिला पत्ता लागत नसे. तरीही त्या सकाळी तिला घरघर ऐकू आली. आधी वाटलं, साक्षीदाराच्याच घशात काहीतरी अडकलंय. तिने रेकॉर्डिंग थांबवलं. साक्षीदार गप्प झाला, घरघर चालूच राहिली.

भाच्याने दारात बूट काढता काढताच निदान केलं. "हार्ड डिस्क गेली. बरंच झालं. आता हा दुरुस्त करायचा नाही आणि नवाही घ्यायचा नाही. आराम कर."

"आराम करायला मला ताप आलाय का?"

"लोक मला नावं ठेवतात, मावशी. एवढा मोठा साहेब, आणि म्हातारीला राबवतो."

"त्यांना सांग, म्हातारी ऐकत नाही."

तो ऑफिसला गेल्यावर तिने आधी सगळं काम पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं. मग लॅपटॉप बंद करून गार होऊ दिला. पुन्हा चालू केला तेव्हा तो शहाण्यासारखा गप्प होता. तापू लागला तशी कुरकुर सुरू झाली. "हा माणसांवरच गेलाय," असं म्हणत तिने तो पिशवीत घातला आणि दुरुस्तीचं दुकान गाठलं.

"ठेवून जा, आठवड्याने या," दुकानदार म्हणाला.

"मी इथेच बसते. स्टूल रिकामंच आहे."

त्याने नाइलाजाने खालचं झाकण उघडलं. पंख्याच्या पात्यांत जांभळ्या लोकरीचा गुंता झाला होता. दुकानदाराने एकदा पंख्याकडे पाहिलं, एकदा पिशवीतून डोकावणाऱ्या जांभळ्या कव्हराकडे.

"हे घालूनच वापरता का?"

"वरून कीबोर्डपुरतं उघडं ठेवलंय की. थंडीसाठी विणलं."

"त्याला थंडी वाजत नाही हो. वारा आत जायच्या वाटा खाली असतात, त्या तुम्ही बंद केल्यात."

मावशी क्षणभर गोरीमोरी झाली. घरातल्या मिक्सरपासून टेलिफोनपर्यंत तिने एकालाही उघडं ठेवलं नव्हतं. दुकानदाराने लोकर उपसून काढली. पंखा थोडा झिजला होता, नवा मागवावा लागणार होता. तोवर आवाज येईल, पण काम अडणार नाही, असं त्याने सांगितलं.

दुपारी भाचा जेवायला आला. कव्हराचं ऐकून हसता हसता त्याला ठसका लागला. पाणी पिऊन मग म्हणाला, "जाऊ दे. मी सकाळीच वकीलसाहेबांना कळवलंय, मावशीचं काम बंद. उद्यापासून ते दुसऱ्या कोणाला देतील."

मावशीने हात पुसले आणि त्याच्यादेखत फोन लावला.

"साहेब, माझ्या वतीने भाच्याने राजीनामा दिलाय म्हणे. तो धरू नका. नोकरीला मी होते, तो नव्हता."

"पण तुमचं मशीन बंद पडलंय ना?"

"बंद नाही, बडबडतंय. हातातला जबाब आज ऑफिस सुटायच्या आत पाठवते. नाही आला, तर खुशाल दुसऱ्याला द्या."

"बरं. बघतो वाट."

भाच्याचा चेहरा उतरला. "मी तुझ्या भल्यासाठीच केलं."

"मीही लॅपटॉपच्या भल्यासाठीच विणलं होतं. विचारलं नव्हतं कोणाला. पुन्हा माझं भलं करायचं झालं, तर आधी मला विचारायचं."

तिने लॅपटॉप उघड्या टेबलावर ठेवला, हेडफोन चढवला आणि घरघरीवर मात करत दुपारभर टाइप केलं. ऑफिस सुटायच्या आत जबाब गेला. थोड्याच वेळात वकिलांकडून उत्तर आलं: पुढच्या साक्षीचं रेकॉर्डिंग. मावशीने ते तिथल्या तिथे लावलं.