मामाचा निकाल

रत्नदीप पगारेला क्रिकेट आवडत नाही, हे कळलं की शहाडच्या त्याच्या सोसायटीतले लोक आधी हसतात आणि मग तब्येतीची चौकशी करतात. तो मात्र कारण बेधडक सांगतो. धावा कुणालाही मोजता येतात, बाद की नाबाद हे यंत्र सांगतं, मग माणसाने बघायचं काय? त्याला आवडतं जिम्नॅस्टिक्स. पोरगी हवेत गिरकी घेते, खाली उतरते, आणि टेबलामागे बसलेली चार-पाच माणसं ठरवतात की ती किती सुंदर उतरली. इथेच तर सगळी गोम आहे, असं म्हणून तो खुर्ची पुढे ओढतो. त्याने खुर्ची पुढे ओढली की जाणकार लोक उठून जातात.

स्वतः त्याला साधी कोलांटी येत नाही. लहानपणी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर ऑलिंपिक बघता बघता जे वेड लागलं, ते चाळिशी उलटली तरी उतरलेलं नाही. कोलशेतच्या एका कारखान्यात तो स्टोअर सांभाळतो. लग्नाचं जमलं नाही. पूर्वी मुलींच्या स्पर्धांना हा एकटाच बाप्या येऊन बसतो म्हणून पालक जरा तिरक्या नजरेने बघायचे. टिटवाळ्याला राहणाऱ्या त्याच्या बहिणीची, मायाची मुलगी दीप्ती या खेळात उतरली, तेव्हा कुठे त्याच्या तिथे बसण्याला कारण मिळालं.

त्याचं म्हणणं असं. या खेळात मार्कांचे दोन भाग. तुम्ही किती अवघड गोष्टी केल्यात, त्याचे मार्क वेगळे. ते म्हणजे लेखी परीक्षा. उडी मारली की मारली, त्यात कुणी काही करू शकत नाही. दुसरे मार्क सफाईचे. गुडघा वाकला, कापा. पाऊल डगमगलं, कापा. दहातून कापत जायचं. ही झाली तोंडी परीक्षा. लेखीवर कोचला हरकत घेता येते, तोंडीवर अपील नाही. "आणि आपल्या पोरांना मारायचं असेल तर कुठे मारतात? तोंडीत!" हे म्हणताना त्याचा आवाज चढतो.

आवाज चढायला कारण आहे. बावीस-तेविशीत त्याने एका सरकारी नोकरीची परीक्षा दिली होती. लेखीत तो वरच्या नंबरात. तोंडीला समोर चार जण बसलेले. एकाने आडनाव विचारलं, दुसऱ्याने वडिलांचं मूळ गाव विचारलं, मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि कामाचं काही न विचारता "या" म्हणाले. तोंडीचे मार्क इतके कमी आले की नाव यादीत खाली खाली जात बाहेर पडलं. ते आडनावामुळे झालं, की तो घामाघूम होऊन बावळटासारखा बसला होता म्हणून झालं, हे त्याला आजतागायत ठामपणे सांगता येत नाही. तोंडघशी पाडणारा दिसला असता तर माणूस निदान भांडला असता. तेव्हापासून कुणी कुणाला डोळ्यांनी मार्क देताना दिसलं, की याचा आवाज चढतो.

म्हणून त्याने स्वतःशी एक नेम धरला होता. आपण मार्क द्यायचे ते खरेच द्यायचे. दीप्तीची स्पर्धा संपली की खाणंपिणं नंतर, आधी मामाचा निकाल. "दुसऱ्या उडीत पाय पुरते फाकले नाहीत. उतरताना छाती पडली. रडायचं तर रड, पण पडली." पोर सात-आठ वर्षांची असल्यापासून हे चालू. माया वैतागून म्हणायची, "दादा, विहारात आम्ही सगळेच पंचशील म्हणतो, पण खोटं न बोलण्याचं शील तूच एकट्याने पाळायचा ठेका घेतलायस का? लेकराला एखादवेळी छान झालं म्हण ना." दीप्तीला मात्र मामाचाच निकाल हवा असायचा. आईला सगळंच छान वाटतं, जागृती मॅडम, म्हणजे तिच्या कोच, काही केल्या मोकळेपणाने बोलत नाहीत. मामा बोलला की ते तसंच असतं. तेरा वर्षांच्या त्या मुलीचा खेळातला अर्धा धीर या एका गोष्टीवर उभा होता, आणि हे मामालाही माहीत होतं.

आणि म्हणूनच गेल्या वर्षी मामा "अन्याय झाला" म्हणाला, तेव्हा तिने त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला.

तो प्रकार गाजला होता. जिल्हा स्पर्धेत चार इंच रुंदीच्या त्या लाकडी बीमवर दीप्ती पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाही डगमगली नाही. कोलशेतच्या ऋजुताला मात्र तोल सावरायला बीम हाताने धरावा लागला. तरी सफाईचे मार्क ऋजुताला जास्त, आणि दीप्तीचा नंबर गेला. ऋजुताचे वडील उत्तमभाऊ तिथले जुने जमीनदार, स्पर्धेच्या बॅनरवर त्यांचा हात जोडलेला फोटो. रत्नदीप गॅलरीतून परीक्षक बाईंवर ओरडला, "अहो मॅडम, डोळे कुठे होते?" तेवढ्यावर न थांबता त्याने दोन्ही मुलींचे व्हिडिओ शेजारी शेजारी लावून, संथ करून, सगळीकडे पाठवले. व्हिडिओ आजही कुणी बघावा. हात बीमवर टेकलेला आंधळ्यालाही दिसेल. निकाल अर्थातच बदलला नाही. जागृती मॅडमनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "दादा, तुमचं बरोबर असेल, पण तुमच्यामुळे पोरगी परीक्षकांच्या नजरेत येते. यायचं तर गप्प बसून बघा."

यंदा तो गप्पच बसला. स्पर्धा कोलशेतच्याच बाजूला एका शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये होती. जिन्याजवळच्या कोपऱ्यात त्याने जागा धरली, फ्लोअरची, म्हणजे जमिनीवरच्या कसरतीच्या चौकोनाची, पांढरी पट्टी जिथे काटकोनात वळते त्याच्या अगदी समोर. पहिल्या दोघींची राज्य स्पर्धेसाठी निवड व्हायची होती. शेवटचा प्रकार उरला तेव्हा दुसऱ्या जागेसाठी दीप्ती आणि ऋजुता जवळजवळ बरोबरीत होत्या.

ऋजुताचं फ्लोअर आधी झालं. चांगलं झालं. रत्नदीपने मनातल्या मनात कापाकापी केली आणि परीक्षकांचे मार्क त्याच्याशी जुळले, तेव्हा त्याला जरा वाईटच वाटलं.

मग दीप्ती. पहिली धाव, हात टेकून कोलांटी, हवेत गिरकी, आणि अशी उतरली की रत्नदीपला कापायला काही सापडलं नाही. मधला नाच तिला कधी जमायचा नाही, तोही आज जमला. शेवटची धाव त्याच्याच कोपऱ्याकडे आली. ती कोपऱ्याकडे पाठ करून उतरली, जोर जरा जास्त झाला, आणि तोल सावरायला डावा पाय मागे गेला. टाच पांढऱ्या पट्टीच्या पलीकडे टेकली. पुरती टेकली. क्षणभरात तिने पाय आत घेतला, हात वर केले, मान ताठ केली.

पट्टीवर लक्ष ठेवायला त्या कोपऱ्यात एक तरुण पंच बसवलेला होता. पाऊल बाहेर पडलं की त्याने झेंडा वर करायचा आणि एक दशांश मार्क कापला जायचा. त्याच वेळी कुणीतरी त्या पंचाला कागदी कपातला चहा देत होतं. झेंडा बगलेत, मान वळलेली, दोन्ही हात कपाला. कप मांडीवर सांडू नये म्हणून तो जितकं लक्ष देत होता, तितकं पट्टीकडे दिलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

झेंडा वर झाला नाही. दीप्ती अर्ध्या दशांशाने पुढे गेली. दुसरी दीप्ती, तिसरी ऋजुता.

रत्नदीप उठला नाही की ओरडला नाही. प्रेक्षकाच्या सांगण्याने निकाल बदलत नसतो, असं त्याने स्वतःला बजावलं. गेल्या वर्षी हे शहाणपण त्याला कुठे सुचलं होतं? मग मनाने दुसरा वकील उभा केला. गेल्या वर्षीचं या वर्षी फिटलं. त्यांनी आमचं हिसकावलं होतं, नियतीने परत दिलं. हा वकील पहिल्यापेक्षा हुशार होता. त्याचं ऐकताना रत्नदीपला दोन घटका बरंही वाटलं.

तेवढ्यात उत्तमभाऊ गर्दीतून वाट काढत त्याच्याकडेच आले. हा आता काही बोलणार म्हणून रत्नदीपने खांदे ताठ केले. उत्तमभाऊंनी सरळ त्याचा हात हातात घेतला.

"तुमचे पोरीनी बेस केला, मामा. आमची रडते तिकरं. मी तिला सांगला, त्यो मामा गप बसलाय म्हंजे निकाल बरोबर हाय. नायतर त्याने हॉल डोक्यावर घेतला असता. काय, बरोबर ना?"

"हो," रत्नदीप म्हणाला. उत्तमभाऊ हात दाबून निघून गेले, आणि खिडकीजवळ गुडघ्यांत डोकं घालून बसलेल्या ऋजुताच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला. काहीतरी समजावून सांगताना त्यांनी रत्नदीपकडे बोटही दाखवलं. गेल्या वर्षी आपण ज्या माणसाच्या नावाने खडे फोडले, तो आपल्या गप्प बसण्याचा पुरावा लेकीला देतोय, हे बघून रत्नदीपला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तो जागचा हलला नाही.

संध्याकाळी स्कूटरवर मामा-भाची निघाले. काशेळीचा पूल गेला, रांजनोलीच्या नाक्यावर नेहमीचा ट्रकांचा खोळंबा, तोही पार झाला. एरवी मागे बसून कानात बडबडणारी दीप्ती आज गप्प होती. दमली असेल, असं त्याने धरून चालायचं ठरवलं. कोनगावात तो नेहमीच्या टपरीवर थांबला. तिला भजी घेतली, स्वतःला चहा.

"आधी निकाल," दीप्ती म्हणाली. भज्यांना तिने हात लावला नव्हता.

"अगं, झाला की निकाल. राज्याला चाललीस."

"तो नाही. तुझा."

रत्नदीपने घसा साफ केला. "पहिली धाव एक नंबर. नाचात मान जरा खाली होती. तिसऱ्या उडीत उजवा गुडघा सुटला."

"आणि शेवटचं?"

"शेवटचं... जोर जास्त झाला थोडा."

"मार्क बरोबर दिले ना?"

"बरोबर दिले."

दीप्तीने त्याच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर त्याला सोपं गेलं असतं.

"मामा, माझी टाच बाहेर गेलेली. मी खाली बघितलं तेव्हा पट्टी माझ्या टाचेच्या पुढे होती. तू समोरच बसलेलास. मला वाटलं, तू सांगशील."

"अगं, एवढीशी तर..."

"तुला दिसलेलं?"

तो चहाकडे बघत म्हणाला, "दिसलेलं."

दीप्ती हळूच म्हणाली, "ऋजुताला वाटत असेल, ती खरंच हरली."

खरं सांगण्याच्या जोरावर त्याने या पोरीला वेळोवेळी रडवलं होतं, आणि पहिल्यांदा खरं महाग पडलं तेव्हा त्याची जीभ टाळ्याला चिकटली होती. त्याला तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला, पण धजावला नाही.

दीप्ती न खाल्लेली भजी कागदात बांधून त्याची नीट घडी घालत बसली होती. घडी घालून झाल्यावर तिने विचारलं, "मग गेल्या वर्षी बीमवर तू म्हणालेलास, माझे मार्क खाल्ले म्हणून... ते पण असंच होतं का?"

"नाही! नाही गं. ते खरं होतं. ते शंभर टक्के खरं होतं. तुझ्या आईची शपथ!"

टपरीवाल्याने मान वर करून बघितलं, इतक्या मोठ्याने तो बोलला होता.

"शपथ कशाला घेतोस?" दीप्ती म्हणाली. "याआधी तू कधी घेतली नव्हतीस."

"व्हिडिओ बघ हवा तर. आहे माझ्याकडे. त्यात दिसतं सगळं." तो घाईघाईने खिसे चाचपू लागला. फोन सापडला, उघडला, दोनदा भलतंच काहीतरी लागलं. शेवटी तो व्हिडिओ लागला. एका बाजूला दीप्ती, ताठ, न डगमगता. दुसऱ्या बाजूला ऋजुता, आणि बीमवर टेकलेला तिचा हात. त्याने स्क्रीन तिच्यासमोर धरली.

दीप्तीने बघितलं नाही. ती हेल्मेटचा पट्टा लावत होती. "राहू दे मामा," ती म्हणाली, "तो पण तूच बनवलेला आहेस."