बैलाचा शनिवार

माझ्या बाबाच्या मानेवर गाडीचं जू ठेवलं, तेव्हा पारावरचे लोक हसत होते. मी पाण्याची कळशी घेऊन समोर उभी. सोळा वर्षांची घोडी, पण नुसती बघत.

बहात्तरचा दुष्काळ सरला होता, शिवारात ऊस पुन्हा उभा राहिला होता. त्या शनिवारी बागायतदार आबासाहेबांची उसाची गाडी कारखान्याला निघाली आणि पारापाशीच त्यांचा एक बैल लंगडला. आमच्या चांद्या बैलाला आणायला त्यांनी माणूस धाडला. बैल न नेता बाबा स्वतःच गेला, हात जोडून.

“आवं आबासाहेब, आज चांद्याचा शनवार हाय. दिस मावळला की मी सोता आणून जुंपतो.”

“बैलाला शनवार? मग पगारबी देतोस का रं त्येला?”

हशा.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी मुलखातले यहुदी. कऱ्हाडजवळच्या त्या गावात आमचं एकच घर. बाबा तेलाचा घाणा चालवायचा, शनिवारी बंद ठेवायचा, म्हणून गावाच्या लेखी आम्ही शनवार तेली. आमच्या दहा आज्ञांत शनिवारच्या विश्रांतीची आज्ञा आहे आणि तिच्यात बैलाचंही नाव आहे. बाबाला लिहिता-वाचता बेताचंच, पण ही आज्ञा त्याच्या हाडात होती. चांद्यापुढं वैरण टाकल्याशिवाय तो भाकरीला शिवत नसे. आई चिडायची, “त्येच्याशीच लगीन लावायचं हुतं.” बाबा म्हणायचा, “मुका जीव हाय. त्येला मागता येत न्हाई, म्हून आपन आदी द्यायचं.”

हे गावाला ठाऊक होतं. इतकी वर्षं थट्टेवर भागलं होतं. त्या दिवशी आबासाहेबांना गंमत सुचली.

“बैलाची एवढी दया येतीया, तर तूच लाव खांदा.”

दोन गड्यांनी बाबाला धरलं. एका बाजूला त्यांचा धडधाकट बैल, दुसऱ्या बाजूला माझा बाप. मागं उसानं भरलेली गाडी. बाबाचं धोतर सुटत आलं होतं, ते त्यानं एका हातानं धरलं होतं. कुणीतरी च्यक् च्यक् केलं, बैलाला करतात तसं. तो आवाज मला अजून ऐकवत नाही.

माझ्या तोंडातून एवढंच गेलं, “आबासाहेब, ती मान मानसाची हाय.”

हसणं थांबलं. जू काढलं. पण चांद्याला गोठ्यातून सोडून आणलं आणि जुंपलंच. बाबाचा शनिवार मोडला, बैलाचाही मोडला. आम्ही बघत राहिलो.

लंगडा बैल उन्हात तसाच सोडून गेले होते. बाबा मान चोळत म्हणाला, “त्येला पानी दाव.”

“त्यांच्या बैलाला?”

“वैऱ्याचं जनावर वझ्याखाली बसलं तरी हात लावून उठवावं, आसं शास्त्रात हाय.”

मी पाजलं. रडत पाजलं. राग बाबाचाही आला होता. याला सगळ्यांची दया, आणि याची दया कुणाला?

दिवस मावळताना चांद्या परत आला, खांदा सोललेला. मागोमाग आबासाहेबांचा निरोप. पोरीनं पारावर येऊन पाया पडावं, नाहीतर गावात तुमचं तेल बंद.

बाबा चांद्याच्या खांद्याला हळद लावत होता. वर न बघता म्हणाला, “पड बाई. पोटाचा परस्न हाय.”

“न्हाई पडनार.”

तो पुन्हा हळद लावू लागला. 

तेल बंद झालं. घाणा मोडला. चांद्याला विकावं लागलं. माधवनगरला आलो, मी गिरणीत सुताच्या कांड्या भरायला लागले. बाबा खोलीत नुसता बसून असायचा. बसल्या बसल्याच वर्षभरात गेला. माझ्या एका ‘नाही’पायी त्याचा बैल गेला, हे मला कळतं. तरी आज पुन्हा निरोप आला तर मी नाहीच म्हणेन.

गावाकडचे लोक भेटतात. म्हणतात, आबासाहेब आता थकलेत, तुमच्या धर्मात दया सांगितलीय, सोडून द्या. दया सांगितलीय, खरंच आहे. आबासाहेब वाटेत पडलेले दिसले तर मी त्यांच्या तोंडात पाणी घालीन. पण आमच्यात असंही सांगितलंय, ज्याचा अपमान केला त्याच्याकडंच माफी मागायची. बाबा हयात होता तोवर ते आले नाहीत. आता ती माफी द्यायला कुणी उरलं नाही. बापाच्या वतीनं मी ती देणार नाही.