धुरपदाबाईंची सहाशे वॅटची कॉइल

गुरुवार, १२ डिसेंबर २०२४. सकाळी थंडी बरी. कतारगामच्या पापडीच्या शेंगा पाव किलो, निवडून ठेवल्या. चष्म्याचा स्क्रू पडला, सापडला. साडेदहाला धुरपदाबाई रिक्षाने आल्या. सोबत आमचा जुना गोल ओव्हन. बंद पडला आहे. जेवूनच गेल्या. दुपारी १९९१ ते १९९६ च्या डायऱ्या खाली काढल्या. शिंका आल्या.

त्या दिवशी एवढेच लिहिले आहे. बाकीचे आता सावकाश सांगते.

धुरपदाबाई अमळनेरजवळच्या एका खेड्यातल्या. अठराव्या वर्षी लग्न होऊन सुरतेत उधन्याला आल्या. नवरा चिंधा मागावर कामाला. त्या त्याच कारखान्यात कांड्या भरायच्या, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायच्या. एकवीस वर्षे हे काम केले. कारखाना बंद झाला तेव्हा त्या आमच्याकडे स्वयंपाकाला आल्या. पहिल्याच दिवशी माझा कणकेचा डबा हुंगून म्हणाल्या, "ताई, हे पीठ नाही, पावडर आहे." दुसऱ्या दिवशी स्वतः गिरणीवर जाऊन गहू आणि थोडा मका रवाळ दळून आणला आणि आमच्या ओव्हनमध्ये बट्टी केली. गावाकडे बट्टीचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजतात. आमच्या तिसऱ्या मजल्यावर आर कुठून आणणार? त्यांनी त्या ॲल्युमिनियमच्या डब्याकडे पाहिले, झाकणाच्या काचेतून आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "तापतं ना? मग झालं." माझे यजमान अरविंद बँकेत होते, मोजून जेवणारे. त्या दिवशी पाच बट्ट्या खाऊन ते कामावर उशिरा गेले.

हे गेल्यावर मला एकटीला ओव्हनचे काम उरले नाही. धुरपदाबाईही नातवंडासाठी काम सोडणार होत्या. मी ओव्हन त्यांना दिला. तेव्हापासून उधन्याच्या त्यांच्या दोन खोल्यांत दर रविवारी वरण-बट्टी असते. कांड्या भरणाऱ्या जुन्या चौघी-पाचजणी येतात, जेवतात आणि संध्याकाळपर्यंत एकमेकींची उणीदुणी काढत बसतात.

त्यांचा मुलगा ललित हजीऱ्याला कंपनीत आहे. तिकडे मोठे क्वार्टर मिळाल्यापासून तो एकट्या उरलेल्या आईच्या मागे लागला आहे की उधना सोड आणि आमच्याकडे ये. दसऱ्याला तो फारच मागे लागला तेव्हा धुरपदाबाई वैतागून बोलून गेल्या, "जोवर हा ओव्हन चालतोय तोवर मी इथून हलायची नाही."

ललितने ते लक्षात ठेवले. आठ डिसेंबरच्या रविवारी ओव्हन बंद पडला. सोमवारी ते कळताच त्याचा फोन आला, "आई, तुझाच शब्द आहे. येत्या रविवारी गाडी घेऊन येतो."

"स्वतःच्याच तोंडाने अडकले," असे म्हणत धुरपदाबाईंनी माझ्या जेवणाच्या टेबलावर फडक्यातून ओव्हन बाहेर काढला.

त्यांनी तो आधीच उघडून पाहिला होता. तळाशी चिनीमातीची पांढरी थाळी असते. तिच्यात गोल गोल आत जाणारी खाच, आणि खाचेत स्प्रिंगसारखी बारीक तारेची कॉइल. ती मध्येच तुटली होती. धुरपदाबाईंनी काय करावे? दोन्ही टोके ओढून, पीळ देऊन गाठ मारली. कारखान्यात सूत तुटले की चुटकीसरशी गाठ मारून पुढे जायचे, ही एकवीस वर्षांची सवय. कॉइल पाच मिनिटे लाल झाली आणि गाठीपाशी तुटली. पुन्हा गाठ. पुन्हा तुटली. तिसऱ्या गाठीला तारच पुरेना.

"धागा तुटला की जोडायचा, दुसरं काय करतात? माले तेच येतं," त्या म्हणाल्या. "ताई, साहेबांनी एकदा ही बदलली होती. तुम्ही नक्की लिहून ठेवलं असेल. तुम्ही तर डाळीला किती शिट्ट्या झाल्या तेही लिहिता."

शाळेत सिस्टरनी डायरी लिहायला लावली ती अकराव्या वर्षी, ती अजून सुटलेली नाही. दुपारी मी डायऱ्या काढल्या. सापडले ते असे:

"रविवार, ७ नोव्हेंबर १९९३. ओव्हनची खालची कॉइल तुटली. यांनी नवी बसवली, दुकानदाराने दिली ती हजार वॅटची. नानखटाई खालून काळी, वरून कच्ची. पुन्हा दुकानात. सहाशे वॅटचीच हवी. टोके नटाखाली दोन चकत्यांच्या मध्ये घट्ट दाबायची. तुटलेली कॉइल जोडायची नाही, जोड टिकत नाही."

मी फोनवर वाचून दाखवले. मग धुरपदाबाई म्हणाल्या, "जोड टिकत नाही हे एकतीस वर्षं लपवून ठेवलंत होय, ताई?"

शुक्रवारी आम्ही दोघी स्टेशनजवळच्या गल्लीत गेलो. तिथे मिक्सरची पाती, इस्त्रीच्या वायरी, कुकरच्या रबरी रिंगा अशी दुकाने आहेत. तुटकी कॉइल धुरपदाबाईंनी रुमालात बांधून घेतली होती. पहिल्या दोन दुकानदारांनी नवा ओव्हन दाखवला. तिसऱ्याने रुमाल उघडला, हसला आणि म्हणाला, "बेन, आ मॉडेल तो क्यारनुं बंध थई गयुं." म्हणजे हे मॉडेल केव्हाच बंद झाले. मग एक कॉइल पुढे केली. "आ चालशे." ही चालेल म्हणे.

मी चष्मा लावून पाकिटावरचे वाचले. हजार वॅट.

"नहीं चाले," धुरपदाबाई म्हणाल्या. "सहाशे."

"बेन, ज्यादा गरम होईल, चांगलंच ना?"

"तुझ्या घरी खालून जळलेलं खातात का?"

तो शिडीवर चढला. वरच्या खोक्यात बराच वेळ खडखड केली आणि सहाशे वॅटची एक कॉइल घेऊन उतरला. एकच होती. उतरताना म्हणाला, "ही बिघडवलीत तर दुसरी नाही हं, माँजी."

शनिवारी सकाळी धुरपदाबाई नऊलाच आल्या. आधी त्यांनी ओव्हनचा प्लग हातात घेतला आणि पदराच्या टोकात बांधून कमरेला खोचला. कारखान्यात मशीनमध्ये हात घालायचा तर बटण बंद करून त्यावर स्वतःचा रुमाल बांधत, म्हणजे दुसरा कोणी चालू करणार नाही. इथे दुसरी मीच होते. पण सवय ती सवय.

खालचे स्क्रू काढले, ते मी वाटीत ठेवले. थाळीची खाच जुन्या टूथब्रशने साफ केली. एका चकतीला गंज होता, तो पॉलिश पेपरने घासला. वायरीवर चिनीमातीचे मणी ओवलेले असतात, तापून वायर जळू नये म्हणून. त्यातला एक फुटला होता. दुकानदाराने मूठभर दिले होते, त्यातला ओवला.

मग खरी अडचण पुढे आली. नवी कॉइल घट्ट गुंडाळलेली, वीतभर लांब. ती ओढून खाचेच्या लांबीची करायची. कमी ओढली तर खाचेत पुरत नाही. जास्त ओढली तर परत आखूड होत नाही, आणि एका जागी विरळ, एका जागी दाट झाली तर दाट जागी जास्त तापून तिथेच तुटते. आणि दुसरी कॉइल सुरतेत कुठे शोधायची? यजमानांनी हे कसे केले, तेवढे मात्र माझ्या डायरीत नव्हते.

मी म्हटले, "धुरपदाबाई, एखाद्या मेकॅनिकला विचारू या का?"

त्या उठल्या. माझ्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा घेतला आणि खाचेत बाहेरून आत बसवत गेल्या, बोटाने दाबत, अगदी मधोमध. दोरा कापला, बाहेर काढून ताणला. साडेतीन हात भरला. तो त्यांनी बैठकीत फरशीवर सरळ अंथरला आणि दोन्ही टोकांवर माझ्या दोन डायऱ्या ठेवल्या.

"कॉइलचं हे टोक धरा ताई. हलू नका. शिंकूसुद्धा नका."

मी खुर्चीत बसून टोक धरले. त्या दुसरे टोक घेऊन मागे मागे सरकू लागल्या. थोडे ओढायच्या, सोडायच्या, कॉइल किती मागे येते ते पाहायच्या. पुन्हा ओढायच्या. डोळे कॉइलवर, बारीक केलेले. मध्येच थांबून एका जागी वेटोळी दाट दिसली तिथे नखाने हलकेच सैल केली. असे किती वेळ चालले कोण जाणे, माझा हात भरून आला. शेवटी त्यांनी कॉइल दोऱ्याशेजारी ठेवली. दोन्हींची टोके बरोबर जुळली.

"ताण कळतो हाताला," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं काय झोपा काढल्या?"

कॉइल खाचेत बसवली, टोके चकत्यांमध्ये दाबून नट आवळले, तळ लावला. त्यांनी पदराची गाठ सोडून प्लग लावायला मला दिला. आधी धुराचा वास आला, नव्या कॉइलचा असतो तसा. मी घाबरले. मग काचेतून पाहिले तर तळाला गोल गोल लाल रेघ, सगळीकडे सारखी. धुरपदाबाईंनी कमरेवर हात ठेवून ती बराच वेळ पाहिली आणि म्हणाल्या, "चला, चहा टाका."

रविवारी मी उधन्याला गेले. खोलीत सरलाबाई, वत्सला आणि मंगलाबाई आधीच बसलेल्या. सरलाबाई कांड्या भरताना धुरपदाबाईंच्या शेजारी असत. जिभेला तेव्हापासून धार आहे म्हणतात.

"व माय, ह्या डबामा आता बट्टी व्हस का?" त्या म्हणाल्या. "परत फट्ट करेल, बघ."

"तू तोंड मिट, तेवढी हवा कमी लागेल त्याला," धुरपदाबाई म्हणाल्या.

अकराच्या सुमारास ललित आणि सून धनश्री आले. ललितच्या हातात एकात एक घातलेली चार रिकामी खोकी होती, भांडी भरायला. त्याने ती दाराशी ठेवली आणि मला नमस्कार केला. खोलीत भाजलेल्या पिठाचा वास भरला होता. तो ओव्हनजवळ गेला, वाकून काचेतून पाहिले.

"कोणाकडून दुरुस्त करून घेतला?"

"कोणाकडून म्हणजे?" धुरपदाबाई वांग्याची भाजी घोटत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "मीच. ताईंनी टोक धरलं."

ललितने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. खरेच, मी टोकच धरले होते.

"आई, तुला कॉइल बदलता येते?"

"आता येते."

झाकण उघडले. बट्ट्या सगळीकडून सारख्या तांबूस, कडेला बारीक भेगा पडलेल्या. धुरपदाबाईंनी एक फोडली, तुपात बुडवली आणि वरणावर कुस्करून ललितच्या ताटात वाढली. तो मांडी घालून बसला होता. दोन घास खाल्ले आणि हसायला लागला.

"काय झालं?" धनश्रीने विचारले.

"काही नाही. खोकी उगाच आणली."

"उगाच कशाला?" धुरपदाबाई म्हणाल्या. "एकात बट्ट्या भर, कंपनीतल्या तुझ्या मित्रांना ने. रविवारी त्यांना घेऊन ये इकडे."

"आणि परत बिघडला तर?"

"मग तू दुकानात जा. सहाशे वॅट, लक्षात ठेव. तो हजारच देईल."

"चालशे," ललित म्हणाला आणि ताट पुढे केले. सरलाबाईंनी त्याच्या आधी आपले ताट पुढे सरकवले. "आखो एक दे, धुरपदा."

संध्याकाळी घरी आल्यावर लिहिले: रविवार, १५ डिसेंबर २०२४. उधन्याला जेवण. दोन घाण्यांत बट्ट्या चोवीस. ललितने एक खोके भरून नेले, तीन मलाही दिल्या. डब्यात घालून फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवल्या आहेत. उद्या सकाळी कुस्करून फोडणी द्यायची.