रोवणीच्या गाण्यात माझी ढोलकी

परवाच्या रविवारी इथे भिलाईत, कोहक्याच्या गणपतीत सुनंदाताईंचा कार्यक्रम होता. ढोलकीवर अर्थात अस्मादिक... वीस वर्षांत ही जागा आम्ही कुणाला दिलेली नाही!

ज्यांना ताई माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. नंदिनी नगरच्या महिला मंडळात भजनं म्हणणारी ही बाई पुढे छत्तीसगढी गाण्यांवर अख्ख्या भिलाईला नाचवायला लागली. ऑक्टोपॅड, लाइट, धुराचं मशीन... सगळं आलं.

आणि मागच्या वर्षी ताईंनी एकदम गिअर बदलला. आईची रोवणीची गाणी गायला लागल्या. आई गोंदियाकडची. धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, वाकून रोप लावताना बाया म्हणतात ती गाणी... संथ, लांबलचक. सिविक सेंटरच्या कार्यक्रमात दुसऱ्याच गाण्याला अर्ध्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. ताई घरी जाऊन रडल्या, असं त्यांच्या मिस्टरांकडून कळलं.

म्हणून परवा स्टेजवर चढताना त्या म्हणाल्या, "भाऊ, आज बी लोक उठले, त हे गाणे बंदच करून टाकीन मी."

पहिलं गाणं सुरू झालं. पब्लिक गप्प. टाळी नाही, शिट्टी नाही... ताईंना वाचवायचं म्हणून मी हळूच लय वाढवली. आणखी वाढवली.

ताईंनी ओळ संपवली आणि वाकून सरळ माझ्या ढोलकीवर हात ठेवला. "कावून पळवून राहिले जी? रोवणीत ढोलकी कोण वाजवते? दोनी हात चिखलात रायतात."

मी ढोलकीवरचे हात काढून घेतले.

त्यांनी तीच ओळ पुन्हा घेतली, नुसत्या गळ्यावर. आणि मागच्या खुर्च्यांवरून गोंदियाकडच्याच पाच-सहा म्हाताऱ्या बायांनी ती उचलली! एकीने ओळ धरायची, बाकीच्यांनी म्हणायची, ही बांधीतली रीत. म्हणजे त्या कंटाळून गप्प नव्हत्या... आपली पाळी यायची वाट बघत होत्या. आणि मी शहाणा मध्येच ठोकत बसलो होतो.

मग एकापाठोपाठ चार गाणी झाली. कोणी उठलं नाही. उठली ती फक्त एक आजी, तीही स्टेजजवळ यायला. "पोरी, याचं एक कडवं राहिलं ना. तुह्या मायनं नाही शिकवलं का तुले?" तिने ते माइकवर म्हणून दाखवलं. ताईंना हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही. ही गाणी आता काही बंद होत नाहीत.

मी तासभर मांडीवर ढोलकी घेऊन रिकामा बसलो. राग? छे हो. हात ठेवून मला थांबवलंत, त्याबद्दल मनापासून आभार, ताई... वीस वर्षं तुमच्या शेजारी बसतोय, पण तुमचं गाणं मी परवा पहिल्यांदा ऐकलं.