नानांना पाठ असलेली कादंबरी

वडिलांना, म्हणजे आमच्या नानांना, अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी अमळनेरला शाळेत शिकवत होते. उन्हाळ्याची सुट्टी लागली तशी धुळ्याला माहेरी आले. दहावीचे पेपर तपासून डोळे आधीच दुखत होते. इथे आल्यावर नानांना कुशीवर वळवायचं, पेज भरवायची, चादरी धुवायच्या. आई रात्री जागायची, त्यामुळे दुपार माझ्या वाट्याला आलेली. नानांचं उजवं अंग गेलं होतं आणि बोलणंही. कापसाच्या जिनिंग प्रेसमध्ये मुकादमकी करताना त्यांचा आवाज फाटकापर्यंत ऐकू जायचा. आता ते नुसते छताकडे बघत पडून असत.

त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवलं तर ते डोळे मिटून घेत. मग एका दुपारी कपाटातून माझी जुनी कादंबरी काढली. खरं सांगायचं तर त्यांच्यासाठी नाही, मलाच जागं राहायला काहीतरी हवं होतं.

बारा-तेरा वर्षांची असताना मी ती चार वेळा वाचली होती. एक जादूगारीण गावोगाव गोष्टी सांगत फिरते. ती सांगेल ते खरं होतं. आटलेल्या विहिरीची गोष्ट सांगितली की विहीर भरते. पण सांगून झालेली गोष्ट तिच्या स्वतःच्या आठवणीतून कायमची पुसली जाते. या पुस्तकापायी एकदा चुलीवरची डाळ करपली होती. नानांनी ते माझ्या हातातून ओढून घेतलं. "परीक्षा झाल्याशिवाय मिळायचं नाही," म्हणाले. पुढे दोन महिने मी त्यांच्याशी धड बोलले नव्हते.

आता मोठ्याने वाचताना पुस्तक वेगळंच लागत होतं. तेव्हा मला त्या बाईची जादू हवी होती. आता वाटत होतं, ही जेवते कधी? प्रत्येक गावात लोक तिच्याभोवती गोळा होतात, आणखी एक सांग म्हणतात, आणि ती सांगते. मला तिचा रागच येऊ लागला. नाही म्हण ना बाई एकदा तरी.

चौथ्या की पाचव्या दुपारी नावाड्याचं प्रकरण आलं. ते लांबलचक होतं. कूलर गरम वारा फेकत होता आणि माझी जीभ जड झाली होती. मी गुपचूप सहा-सात पानं एकदम उलटली आणि पुढच्या गावापासून वाचायला लागले.

नानांनी डाव्या हाताने पलंगाची पट्टी ठोकली.

"पाणी हवंय का?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. पुन्हा पट्टी ठोकली. लघवीचं भांडं हवंय का विचारलं, तर चिडून पुस्तकाकडे बोट केलं आणि ते बोट मागे, मागे असं नेलं.

"नाना, नावाड्याचं राहिलं म्हणता?"

त्यांनी डोळे मिटून होकार दिला.

यांना कसं कळलं, म्हणून मी आईकडे पाहिलं. दारात बसून गहू निवडणारी आई सुपातून मान वर न करता म्हणाली, "त्यासनी बठ्ठं वाचेल शे. तुनाकडथून लिधं ना, तवय."

"सगळं वाचलंय? माझ्याकडून ओढून घेतलं तेव्हा? मला कधी बोलले नाहीत."

"कसं बोलतीन?" आई म्हणाली. "तुले रागे भरेल व्हतात ना."

नानांच्या तोंडाची एक बाजू हलली. हसले असावेत. मला मात्र हसू आलं नाही. घरात या पुस्तकाबद्दल बोलायला माणूस होतं आणि मी ते सगळं मनातल्या मनात ठेवून सासरी गेले, एवढंच डोक्यात येत राहिलं. मग नावाड्याचं प्रकरण सगळं वाचलं. घसा कोरडा पडला.

जूनमध्ये शाळा उघडली. त्यानंतर शनिवारी अर्धी शाळा सुटली की मी एसटीने यायचे. वाचायला बसले की मलाच डुलकी लागायची. अशीच एका शनिवारी खुर्चीत झोपले आणि दचकून उठले, तर पुस्तक माझ्या मांडीवर नव्हतं. नानांनी ते उशीला टेकवून धरलं होतं. डाव्या अंगठ्याने पान सरकवायला त्यांना फार वेळ लागत होता. दोन पानं एकदम आली की ते थांबायचे आणि पुन्हा सुरुवात करायचे.

मी उठल्याचं त्यांनी पाहिलं, पण पुस्तक काही दिलं नाही. मग मीही मागितलं नाही. पाय वर घेतले आणि परत डोळे मिटले.